चित्ता, चातक आणि उचगावचे शिवार

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी अभ्यासाचा, पण घरातल्या सर्वांना वाचता येईल असा एखादा लेख द्यावा, असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले. संस्थेच्या कार्याविषयी जाणकारांनी लिहिलेलेच असणार. आम्ही पेशाने शिक्षक, विज्ञान शिकवितो. तेव्हा आम्हांस जे थोडेबहुत कळते, आणि त्यातले जे फार उशिरा कळले, तेच येथे मांडतो. रानातले प्राणी आणि पक्षी पाहावयाचे कसे, हा विषय आहे. विषय सोपा दिसतो, म्हणूनच त्यात चुका फार होतात.

ऑगस्ट २०२२ मधील गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. बेळगाव शहरात गोल्फ मैदानाच्या झाडीत बिबट्या शिरला. आसपासच्या वीसेक शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. वनखात्याने पिंजरे लावले, कॅमेरे लावले, शेवटी शिमोग्याकडच्या सक्रेबैल तळावरून हत्ती आणविले. पण तो बिबट्या काही हाती लागला नाही. त्या दिवसांत आमच्या वर्गात दुसरा विषयच नव्हता. ‘सर, चित्ता आलाय बेळगावात!’ असे मुले सांगत. मोठी माणसेही तेच म्हणत. पुढच्याच महिन्यात, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले. तेव्हा एका मुलीने विचारले, ‘सर, चित्ता तर आपल्याकडे होताच की, मग आफ्रिकेतून कशाला आणला?’

प्रश्न अगदी रास्त होता. आपण बिबट्याला सर्रास चित्ता म्हणतो, त्याचा हा परिणाम. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके जवळून पाहिले तर ते ठिपके नव्हेतच. काळ्या पाकळ्यांची लहान लहान फुले आहेत, आणि प्रत्येक फुलाच्या आत पिवळी जागा आहे. चित्त्याचे ठिपके मात्र भरीव, बोट शाईत बुडवून उमटवावे तसे. शिवाय चित्त्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत एक काळी रेघ उतरते. जणू रडून रडून काजळ ओघळले आहे. बिबट्याला ही रेघ नाही. बिबट्या अंगाने भरदार, झाडावर चढणारा, उसाच्या फडात दडून राहणारा. चित्ता सडपातळ, लांब पायांचा, उघड्या माळावर दिवसाढवळ्या पळून शिकार धरणारा. एवढे पाहिले की पुन्हा चूक होत नाही.

आणि चित्ता आपल्याकडे होता, हेही खरेच. आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळीत. त्यांच्या डोळ्यांवर टोपी चढवून गाडीतून माळावर नेत आणि काळवीट नजरेच्या टप्प्यात आले की टोपी काढीत. हिंदुस्थानातले चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा हेच संस्थान आफ्रिकेतून चित्ते आणवू लागले. म्हणजे आफ्रिकेचा चित्ता या मुलखात आला तो काही २०२२ साली पहिल्यांदा नव्हे. निपाणीपासून कोल्हापूर ते किती दूर! आपल्या देशात जन्मलेल्या चित्त्यांपैकी शेवटचे म्हणून ओळखले जाणारे तीन चित्ते १९४७ साली मध्य प्रांतातील कोरिया संस्थानात मारले गेले, आणि १९५२ साली हा प्राणी देशातून नाहीसा झाल्याचे सरकारने जाहीर केले. ज्या माळावर तो धावत असे त्या माळाला आपण ‘पडीक’ म्हणतो. माळ पडीक नसतो, पण हा वेगळा विषय आहे.

त्या मुलीच्या प्रश्नावरून आम्ही वर्गात आफ्रिकेतील राखीव रानांविषयी चार-पाच तास घेतले. आम्ही स्वतः आफ्रिका पाहिलेली नाही. जे सांगितले ते पुस्तकांवरून आणि चित्रपटांवरून. दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यान सुमारे १९,५०० चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या अख्ख्या बेळगाव जिल्ह्याच्या जवळजवळ दीडपट. त्यातील एका भागाला १८९८ साली संरक्षण मिळाले आणि १९२६ साली सर्व मिळून राष्ट्रीय उद्यान झाले. मुलांना आकड्यांचे फारसे काही वाटले नाही. त्यांना आवडले ते तेथील वाटाडे.

पाहुणा गाडीत बसून सिंह कोठे, हत्ती कोठे म्हणून दूरवर डोळे ताणीत असतो. वाटाड्या मात्र जमिनीकडे पाहतो. माग ताजा की शिळा, शेण ओले की वाळलेले, गवत कोणत्या अंगाला दबले, हे तो पाहतो. आणि कान देतो. गेंड्याच्या पाठीवर बसून गोचिड्या टिपणारा एक पक्षी तिकडे आहे. माणूस दिसताच तो ओरडतो आणि कमी दिसणाऱ्या गेंड्याला त्यावरून सुगावा लागतो. मोझांबिकच्या उत्तर भागात याओ लोक मध काढावयास जातात, तेव्हा तोंडाने एक ठरावीक आवाज काढतात. तो ऐकून मधदर्शक नावाचा लहानसा पक्षी येतो आणि झाडाझाडांवरून पुढे पुढे जात त्यांना पोळ्यापाशी नेतो. मध माणसाचे, मेण आणि अळ्या पक्ष्याच्या. ही नुसती सांगोवांगी नव्हे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, दुसरा कोणताही आवाज काढला तर शंभरातील तेहतीस वेळा पक्षी वाट दाखवितो. तो खास आवाज काढला तर सहासष्ट वेळा. नामिबियात एतोशा येथे तर काहीच शोधावयाचे नसते. पाणवठ्यापाशी गप्प बसून राहावयाचे. तहान सर्वांना लागतेच. आपल्याकडेही महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून प्राणी मोजतात, ती हीच रीत. १९५८ साली जाहीर झालेले दाजीपूरचे गवा अभयारण्य येथून फार लांब नाही. ज्यांना जमेल त्यांनी तेथे अवश्य जावे.

पण दाजीपूरलाही जाणे ज्यांना जमत नाही त्यांनी काय करावे? आमचे बहुतेक विद्यार्थी त्यांतलेच. म्हणून आम्ही ठरविले की वाटाड्याची रीत उचगावच्या शिवारात करून पाहावी. संस्थेकडून दरवर्षी जूनमध्ये मुलांना ज्या वह्या मिळतात, त्यांतील एक वही प्रत्येकाने यासाठी राखून ठेवावयाची. रोज पाच ओळी. तारीख, वेळ, जागा, पक्षी चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, चोच सरळ, बाकदार की चपटी, शेपूट काय करते, आवाज कसा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो करीत काय होता. नाव शेवटी, आले तर. सूर्य पाठीशी घ्यावा, कपडे मातकट असावेत, आणि बोट दाखवू नये. बोट दाखविले की पक्षी उडालाच म्हणून समजावे.

पहिल्या आठवड्यात सर्वांच्या वह्यांत गायबगळा आला. भाताच्या चिखलणीत ट्रॅक्टरमागे पंधरा-वीस बगळे चालताना कोणी पाहिलेले नाही? पूर्वी हेच बगळे बैलांमागे असत. तिकडे त्यांचे भाऊबंद हत्ती आणि रानरेड्यांच्या पायांशी चालतात. कारण एकच: जड पाय पडला की गवतातले टोळ-किडे उडतात. बगळ्याला बैल, हत्ती आणि ट्रॅक्टर यांत काही फरक वाटत नाही असे दिसते. एका मुलाने लिहिले होते, ‘ट्रॅक्टर थांबला की बगळे पण थांबतात आणि ड्रायव्हरकडे बघतात.’ या वाक्याला आम्ही चांगले गुण दिले.

कोतवालाविषयी सांगावयास हवे. काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा हा पक्षी विजेच्या तारेवर बसलेला असतो. घरट्याजवळ कावळा किंवा घार आली तर तो तिच्या पाठीवर तुटून पडतो, म्हणून इतर लहान पक्षी त्याच्या आसऱ्याने घरटी करतात. नाव सार्थ आहे. त्याचा आफ्रिकेतील चुलतभाऊ मात्र कोतवालीच्या जोडीला लबाडीही करतो. कलाहारीच्या वाळवंटी प्रदेशात तो मुंगसाच्या कुळातील मीरकॅट नावाच्या प्राण्यांवर पाळत ठेवतो. त्यांना चांगला किडा सापडला की धोक्याची खोटी हाक देतो, ते बिळात पळतात आणि हा किडा उचलतो. एकच हाक पुन्हा पुन्हा दिली तर ते फसत नाहीत, म्हणून दुसऱ्या प्राण्यांच्या हाका उसन्या घेतो. हे सांगितल्यावर आमच्या मुलांनी तारेवरच्या कोतवालावर इतके लक्ष ठेवले की दोघा-तिघांची शाळा चुकली.

सुगरणीची घरटी विहिरीवरच्या बाभळीला लटकलेली असतात, ती मुलांना ठाऊकच असतात. ती विणतो नर, हे मात्र पुष्कळ घरांत ठाऊक नसते. मादी अर्धे विणलेले घरटे पाहून जाते. पसंत पडले तर नर पुढचे विणतो, नाही तर ते तसेच राहते. अर्धवट लोंबणारी घरटी दिसतात ती अशी नापसंत झालेली. सुगरण हे नाव आपण कोणाला दिले आणि काम कोण करतो, याचा विचार घरातील पुरुषमंडळींनी सवडीने करावा.

आता जे सांगण्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, ते सांगतो. बिबट्याच्या घटनेच्या कितीतरी आधीची गोष्ट. तेव्हाही आम्ही मुलांना निरीक्षणाची वही ठेवावयास सांगत असू, पण ती तपासताना आमच्या हातात तांबड्या शाईची लेखणी असे. आठवीतील एका मुलाने ऑगस्टच्या अखेरीस लिहिले: ‘आमच्या परड्यातल्या शेवग्यावर चार सातभाई एका काळ्या-पांढऱ्या पाखराला भरवत होते. पाखराच्या डोक्यावर तुरा होता. ते सातभाईंचं पोर नव्हतं.’ आम्ही त्यावर फुली मारली आणि खाली लिहिले, ‘पक्षी आपल्याच पिलांना भरवतात. नीट पाहून लिहावे.’ वर्गातही ते वाचून दाखविले. मुले हसली. मुलगा खाली मान घालून बसला.

तीन वर्षांनी, असाच पाऊस उघडलेला असताना, आम्ही सकाळी शाळेला जात होतो. कुंपणावर सातभाईंचा नेहमीचा कलकलाट चालला होता. सहज पाहिले तर मध्ये एक तुरेवाले पिलू पंख थरथरवीत चोच वासून बसले होते. वरून काळपट, खालून मळकट पांढरे. एक सातभाई आला, त्याने चोचीत सुरवंट कोंबला. दुसरा आला, त्यानेही कोंबला. आम्ही सायकलवरून उतरलो. वाटेने जाणारे एक तात्या थांबून म्हणाले, ‘काय बघतासा मास्तर? चातकाचं पोर हाय ते. दर साली असतंय.’

दर साली! शाळेच्या ग्रंथालयातील पक्ष्यांचे पुस्तक त्याच दुपारी काढले. सर्व काही त्यात होते. चातक कोकिळेच्या कुळातला. घरटे बांधीत नाही. आपल्याकडे तो सातभाईंच्या घरट्यात अंडे घालतो. सातभाईचे अंडे निळे, चातकाचेही निळे. चातकाचे पिलू यजमानाची पिले ढकलून देत नाही, पण अन्नात मोठा वाटा मागते. सातभाई थव्याने राहतात आणि थव्यातील सर्वजण मिळून पिले वाढवितात. त्यामुळे परक्या पोरालाही एक नव्हे, चार-सहा पालक मिळतात. चातक केवळ पावसाचे थेंब पिऊन राहतो ही कविकल्पना. तो केसाळ सुरवंट आवडीने खातो, आणि सुरवंट पावसाबरोबर येतात. दक्षिणेच्या टोकाकडे व श्रीलंकेत काही चातक बारमाही आहेत, पण पावसाळ्याच्या तोंडावर देशात जे येतात ते आफ्रिकेतून, अरबी समुद्रावरचे वारे पाठीशी घेऊन येतात. आफ्रिकेतही त्यांचे जातभाई अंडी घालतात, तेथे बुलबुलासारख्या पक्ष्यांच्या घरट्यांत. थोरले चातक आधी परततात. पिलू मागून, आईबाप कधी न पाहिलेले, आपले आपण निघते. समुद्रापलीकडची वाट त्याला सातभाईंनी सांगितलेली नसते, कारण सातभाई जन्मात आपले शिवार सोडून जात नाहीत.

म्हणजे आफ्रिकेचा पाहुणा त्या मुलाच्या परड्यात येऊन बसला होता, त्याने तो नीट पाहिला, नीट लिहिला, ‘ते सातभाईंचं पोर नव्हतं’ असा निष्कर्षही काढला. आणि आम्ही बी.एड. झालेल्या शिक्षकाने त्यावर फुली मारली.

पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांच्या लहानपणची गोष्ट या संदर्भात आठवते. ते १८९६ साली मुंबईत जन्मले. घरातील मुले छर्‍याच्या बंदुकीने चिमण्या मारीत. एकदा त्यांनी मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, खावी की न खावी, अशी शंका आली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी मुलाला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील मानद चिटणीस मिलार्ड यांनी त्या मुलाला परतविले नाही. पक्षी ओळखला, मग एकेक खण उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखविले. पुढे १९४१ साली त्याच मुलाचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले, आणि आमच्यासारखे शिक्षक आजही ते चाळतात. मिलार्ड यांच्या हातात त्या दिवशी तांबडी शाई असती तर?

आम्ही त्या मुलाचा शोध घेतला. दहावीनंतर तो उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर कामाला लागला होता. एका रविवारी त्याच्या घरी गेलो. त्याच्या दादीने चहा केला. आम्ही सरळच सांगितले की चूक आमची होती, तू लिहिलेले खरे होते, वही असेल तर दे, फुली खोडून देतो. तो हसला. ‘वही रद्दीत गेली सर. पण मला तेव्हापण ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी परत बघितलं होतं मी, तेच पाखरू.’ मग थोडे थांबून म्हणाला, ‘लिहिलं नाही मात्र. पुढे काही लिहिलंच नाही.’

त्या दिवसापासून आम्ही निरीक्षणाच्या वह्या शिसपेन्सिलीने तपासतो, आणि फुलीऐवजी प्रश्न लिहितो: किती वेळ पाहिले? आणखी कोणी पाहिले? उद्या पुन्हा पाहशील का?

दुसरी चूकही सांगून टाकतो, म्हणजे पालकांना सहल काढताना उपयोग होईल. गोकाक तालुक्यात धुपदाळच्या बंधाऱ्यापाशी घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे; १९७४ साली जाहीर झाले, क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर. बेळगाव-मिरज लोहमार्गावरील घटप्रभा स्थानकापासून ते जवळच पडते. हिवाळ्यात तेथे कांड्या करकोचे येतात, ते मध्य आशियातून हिमालय ओलांडून. दिवसा शेतांत दाणे टिपतात, रात्री उथळ पाण्यात उभे राहतात. युरोपाकडचे पांढरे करकोचेही काही येतात. त्यांचे बहुतेक भाईबंद हिवाळ्यात आफ्रिकेला जातात. १८२२ साली जर्मनीत असा एक करकोचा सापडला की त्याच्या मानेत मध्य आफ्रिकेतील बाण आरपार रुतलेला होता. हे पक्षी हिवाळ्यात जातात कोठे, या जुन्या वादात तो बाण मोठा पुरावा ठरला. एवढे सर्व मुलांना आगगाडीत सांगितले, आणि चाळीस मुलांना घेऊन आम्ही बंधाऱ्यावर पोहोचलो. चाळीस डबे उघडले. करकोचे उठले आणि दूरच्या काठाला जाऊन बसले; आम्हांस ते पांढुरक्या ठिपक्यांएवढे दिसले. पुढच्या वर्षी आठच मुले नेली, पहाटे पोहोचलो, डबे झोळीतच राहिले. त्या वेळी त्यांचा तुतारीसारखा आवाज डोक्यावरून गेला, तेव्हा सर्वांत व्रात्य मुलगाही बोलला नाही.

पालकांकडे एक मागणे आहे. मुलांच्या हातची गलोल काढून घ्या म्हणून आम्ही पुष्कळ वर्षे सांगत आलो. त्याचा उपयोग थोडा झाला. वही दिल्यावर अधिक झाला. नागालँडमध्ये दोयांग जलाशयापाशी दर हिवाळ्याच्या तोंडी अमूर ससाण्यांचे लाखांचे थवे उतरतात. सैबेरियाकडून निघून ते दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात, वाटेत अरबी समुद्र न थांबता ओलांडतात. २०१२ साली तेथील लोक जाळी लावून ते हजारोंनी मारीत. २०१३ साली त्याच गावांनी मारणे बंद केले. कायदा आधीही होता. पांगती वगैरे गावच्या माणसांनी, चर्चच्या मंडळींनी आणि शाळेतल्या मुलांनी मनावर घेतले, तेव्हा ते थांबले. आता तेथे लोक हे ससाणे पाहावयास जातात. तुमच्या घरी ती वही आली तर तिच्यासाठी रोज दहा मिनिटे द्या. मुलगा म्हणाला ‘मी पाहिले’, तर ‘असे नसते’ म्हणू नका. त्याच्याबरोबर जाऊन पाहा.

या वर्षी पहिला चातक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला. पहाटे विहिरीकडच्या झाडीतून त्याची हाक येत होती. तीन मुलांनी त्या दिवशीची नोंद केली. दोघांनी तुरा, काळी पाठ, पंखावरचा पांढरा पट्टा, सर्व लिहिले. तिसरीने एकच ओळ लिहिली: ‘ऐकला, दिसला नाही, उद्या परत जाणार.’ आम्ही खाली शिसपेन्सिलीने विचारले, ‘किती वाजता निघणार?’ दुसऱ्या दिवशी तिने उत्तर लिहून आणले: ‘साडेपाच. अब्बापण येणार आहेत.’